बांसरीवर पोट भरतें काय ?

गेल्या वर्षीं ज्येष्ठांत आमच्या जालन्याच्या घरीं एक प्रश्न उभा राहिला, आणि त्यापायीं घरांतील वडील माणसें तीन रात्री जागलीं. प्रश्न लग्नाचा नव्हता, वांटणीचा नव्हता, कोणाच्या दुखण्याचाहि नव्हता. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला होता. अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे अर्ज भरावयाचे होते; आणि नेमक्या त्याच वेळीं, रात्रीच्या जेवणाला पंगत बसली असतां, त्यानें मान खालीं घालून पण स्पष्ट शब्दांत सांगितलें, "बाबा, मी बांसरी शिकणार आहें; आणि पुढें ती वाजवून आणि शिकवूनच राहणार आहें."

माझा भाऊ रागावला नाहीं. तो रागावला असता तर बरें झालें असतें. रागाला उत्तर देतां येतें. त्यानें एवढेंच विचारलें, "बांसरीवर पोट भरतें काय ?" आमच्या सोळा माणसांच्या घरांत या प्रश्नाचें उत्तर कोणापाशींहि नव्हतें. वकिलीवर, वैद्यकीवर, शिक्षकीवर, कचेरींतल्या नोकरीवर, अलीकडे बियाणांच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांवर पोट कसें भरतें हें आम्हां सर्वांस ठाऊक. बांसरी मात्र आमच्या घरांत देव्हाऱ्यांतील श्रीकृष्णाच्या हातीं तेवढी होती, आणि त्याला पोटाची चिंता कधींच नव्हती.

मी शाळेंतून निवृत्त झालेला मनुष्य. वाचनाची संवय, वेळ भरपूर. तेव्हां तपासाचें काम माझ्याकडे आलें. "दादा, महिनाभरांत काय तें सांगा," असें भाऊ म्हणाला. त्या महिन्यांत जें हातीं लागलें तें येथें देत आहें. हा प्रश्न आमच्याच दारांतून परत जाईल असें समजण्याचें कारण नाहीं.

मुलाला हें वेड कोठून लागलें तें आधीं सांगितलें पाहिजे. पांचवीपासून तो शाळेच्या बँडांत होता. बँडांतील बांसरी म्हणजे आपल्या पाव्याची विलायती चुलत बहीण : वीत-दीड वीत लांबीची, धातूची, सहा भोंकांची, आणि आवाजानें अशी तीक्ष्ण कीं सगळे ढोल एकदम वाजत असले तरी तिचा सूर त्यांच्या वर तरंगतो. पंधरा ऑगस्टच्या संचलनांत त्यानें ती वाजवावी, घरच्यांनीं कौतुक करावें आणि सोळा तारखेस सर्वांनीं विसरून जावें, असा क्रम सात वर्षें चालला होता. मध्यंतरीं एका आषाढीला आनंदी स्वामींच्या यात्रेंत त्याच्या आजीनें त्याला वेळूची बांसरी घेऊन दिली. दिसावयास ती सुबक होती, परंतु तिचें एक भोंक जागेवरून सरकलेलें होतें. त्यामुळें मुलाचा गंधार वर्षभर उतरलेला राहिला, आणि आम्हां कोणाच्याहि कानांस तें कळलें नाहीं. पुढें छत्रपति संभाजीनगरास एका जाणत्या वादकानें ती हातांत घेतली, एकदां फुंकली, परत दिली आणि सांगितलें, "हिच्यावर जें शिकलास तें विसरावयास सहा महिने लागतील." यात्रेंतील विक्रेत्याचा कांहीं अपराध नाहीं. तो खेळणें विकीत होता. आम्हीं वाद्य समजून घेतलें.

त्या बँडांतल्या छोट्या बांसरीचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध मला वाटला होता त्याहून बराच जुना निघाला. भोकरदनाच्या पलीकडे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यांत असई हें गांव आहे. तेथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेल्स्लीच्या हाताखालची इंग्रज फौज यांची लढाई झाली, ती शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. वेल्स्लीजवळ स्कॉटलंडांतील डोंगरी लोकांच्या दोन पलटणी होत्या. त्यांपैकीं ७८ व्या पलटणीची एक हकीकत जनरल स्टुअर्ट यानें आपल्या ग्रंथांत नमूद करून ठेविली आहे. लढाई चालू असतां वादकांना हुकूम झाला कीं, जखमी लोकांना उचलून मागें शस्त्रवैद्यांकडे न्या. पलटणींत वादक दोन प्रकारचे असत : एक बांसऱ्या आणि सनईच्या जातीचीं वाद्यें वाजविणारे, आणि दुसरे त्या लोकांच्या अभिमानाचें वाद्य जी मशक, ती वाजविणारे. एका मशकवाल्यानें हुकूम आपल्यालाहि आहे असें समजून मशक खालीं ठेविली आणि तो जखमींच्या मदतीस लागला. लढाईनंतर सोबत्यांनीं त्याची अशी हेटाळणी केली कीं बिचाऱ्याला तोंड वर करवेना. बांसरीवाले मागें गेले तर गेले, त्यांच्यावांचून कोणाचें अडतें ? पण मशकवाल्यानें त्या शिट्टीवाल्यांच्या रांगेंत जावें ! पुढें दोन महिन्यांनीं वऱ्हाडांत अडगांवच्या लढाईंत या मनुष्यानें मशक इतक्या आवेशानें वाजविली कीं शिपाई वेळेआधींच शत्रूवर धांवूं लागले, आणि शेवटीं कर्नलला त्यास गप्प बसवावें लागलें.

ही गोष्ट मशकवाल्याची म्हणून सांगतात. माझ्या मनांत मात्र ते शिट्टीवालेच राहिले. असईच्या माळावर घायाळ माणसें त्यांनीं उचलून नेलीं, आणि त्यांच्याच पलटणीचें त्यांच्याविषयीं मत असें कीं, हे नसले तरी चालतें. बांसरीवाल्याच्या पेशाचा पहिला नियम मला आमच्याच जिल्ह्यांत सांपडला : त्याला नुसती बांसरी वाजवून भागत नाहीं, दुसरें कामहि करावें लागतें.

दुसरा दाखला याहून जुना आणि अधिक मानाचा. जालन्याहून पश्चिमेस आगगाडीनें थोडें गेलें कीं देवगिरी. तेथें तेराव्या शतकांत यादव राजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव होता. 'संगीतरत्नाकर' हा त्याचा ग्रंथ. त्यांतील वाद्याध्यायांत वंशाचें, म्हणजे बांसरीचें, वर्णन मोठें बारकाईचें आहे. फुंकावयाचें रंध्र आणि त्यापुढील पहिलें स्वररंध्र यांत किती अंगुळांचें अंतर आहे यावरून त्यानें बांसऱ्यांचीं नांवें दिलीं आहेत. एका अंगुळाची ती एकवीर, दोहोंची उमापति, तिहींची त्रिपुरुष, चोहोंची चतुर्मुख, पांचांची पंचवक्त्र, सहांची षण्मुख, आणि पुढें असेंच. आमच्या घरांतील बाळगोपाळांनीं हीं नांवें दोन दिवसांत पाठ करून टाकलीं. फुंकेचे गुणदोष आणि वादकाचे गुणदोषहि त्यानें सांगितले आहेत. परंतु माझ्या तपासाला उपयोगी पडली ती निराळीच गोष्ट. हा शार्ङ्गदेव दरबारांत गवई म्हणून नव्हता आणि वादक म्हणूनहि नव्हता. तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा मुख्य होता. आठशें वर्षांपूर्वीं संगीताचा एवढा थोर ग्रंथ रचणाऱ्याचें पोट हिशेबाच्या वह्यांवर भरत होतें ! हें मीं भावाला सांगितलें तेव्हां तो त्या महिन्यांत प्रथमच हंसला. "मग यानेंहि सनदी लेखापाल व्हावें," तो म्हणाला.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. बांसरी हा पूर्ण वेळचा पेशा होऊं शकतो हें ज्या गृहस्थांनीं या देशांत सिद्ध करून दाखविलें ते पन्नालाल घोष. ते जन्मानें बंगाली, पण त्यांच्या उमेदीचीं वर्षें मुंबईंत गेलीं. आज बांगला देशांत असलेल्या बारिसाल येथें २४ जुलै १९११ रोजीं त्यांचा जन्म झाला. घरांत संगीत होतें. वडील सतार वाजवीत. तरुणपणीं त्यांस तालमीचा आणि मुष्टियुद्धाचा नाद होता. मोठी बांसरी फुंकणें हें छातीचें काम आहे, तेव्हां तो नाद वायां गेला नाहीं असें म्हणावयास हरकत नाहीं. कलकत्त्यास न्यू थिएटर्स या बोलपटसंस्थेंत ते वादक म्हणून लागले. १९३८ सालीं सराईकेला येथील छाऊ नर्तकांच्या मंडळीबरोबर युरोपांत जाऊन आले. १९४० सालीं मुंबईस आले, आणि बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत' (१९४२) या बोलपटाला त्यांनीं संगीत दिलें.

त्या काळीं ख्यालाच्या मैफलींत बांसरीला कोणी बसवून घेत नसे. कारण उघड होतें. लहान बांसरीचा आवाज पातळ. मंद्र सप्तक तिला पुरतें साधत नाहीं. आणि एका भोंकावरून दुसऱ्या भोंकावर बोट उचलून जावयाचें असल्यामुळें मींड तुटते. ज्या वाद्यावर मींड तुटते त्यावर आपला राग कसा उभा राहणार ? पन्नालालांनीं बांसरी लांब केली. अनेक प्रयोग करून ती सुमारें बत्तीस इंचांपर्यंत नेली, तिला सातवें भोंक पाडलें, आणि बोटें हळूहळू सरकवून, भोंक अर्धें पाव उघडून, स्वरांतून स्वरांत घसरत जाण्याची कला सिद्ध केली. एवढ्या लांब बांसरीवर बोटांचीं नुसतीं टोकें पुरत नाहींत. पेरें पसरून भोंकें झांकावीं लागतात. आमच्या मुलानें हें करून दाखविलें तेव्हां त्याच्या आजीनें त्याचा हात हातांत घेऊन पुष्कळ वेळ चोळला.

मला पन्नालालांच्या चरित्रांतील सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती याच्या पुढची. १९४७ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, बोलपटांतून नांव झालें असतां, ते मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खांसाहेबांकडे शिष्य म्हणून जाऊन बसले. पुढें १९५६ सालीं दिल्ली आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि २० एप्रिल १९६० रोजीं, पन्नाशीच्या आंतच, ते दिल्लीस निवर्तले. त्यांच्या मिळकतीचीं खातीं मीं कागदावर मांडून पाहिलीं : बोलपट, आकाशवाणी, मैफली, शिकवणी. यांत मैफल ही सर्वांत प्रसिद्ध बाब खरी. पण घर चालविणाऱ्याला तिच्या भरंवशावर महिन्याचा किराणा भरतां येणार नाहीं.

त्यांच्या शिष्यपरंपरेकडे पाहिलें म्हणजे वाचकांस आणखी एक गोष्ट दिसेल. त्यांचे जांवई व पट्टशिष्य देवेंद्र मुर्डेश्वर. निरंजन हळदीपूर आणि त्यांचे चिरंजीव नित्यानंद, ज्यांनीं पुढें अन्नपूर्णादेवींजवळ शिक्षण घेतलें. पुण्याचे केशव गिंडे, ज्यांनीं 'केशव वेणु' ही बांसरी घडविली. आडनांवें वाचतांच ध्यानांत येईल कीं हीं घरें सारस्वतांचीं, शिकलेलीं, नोकरीपेशाचीं. पोटाचा प्रश्न त्याहि घरांतून विचारला गेला असेलच. देवेंद्र मुर्डेश्वर आणि नित्यानंद हळदीपूर या दोघांनींहि आकाशवाणीची नोकरी केली.

हरिप्रसाद चौरसिया यांची कथा तर सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. अलाहाबादेस १९३८ सालीं जन्म. वडील पहिलवान, मुलानें आखाड्यांत उतरावें ही त्यांची इच्छा. मुलगा चोरून संगीत शिकला, टंकलेखन आणि लघुलेखन शिकून कारकुनीस लागला, आणि १९५७ सालीं कटकच्या आकाशवाणींत बांसरीवादक म्हणून गेला. तेथून मुंबईस बदली, मुंबईंत बोलपटांचें वादन, आणि चांगलें चाललें असतां अन्नपूर्णादेवींच्या दारीं शिष्यत्वाची याचना. नव्यानें शिकण्याची आपली तयारी पटविण्याकरितां त्यांनीं उजवीकडे धरावयाची बांसरी डावीकडे धरली, म्हणजे बोटांनीं शिकलेलें सर्व पुसून टाकिलें. ते आजतागायत डावीकडेच धरतात. पुढें शिवकुमार शर्मा यांच्या जोडीनें 'सिलसिला' (१९८१) वगैरे बोलपटांचें संगीत, हॉलंडांत रॉटरडॅमच्या संगीतविद्यालयांत अध्यापन, २००० सालीं पद्मविभूषण, मुंबईस आणि भुवनेश्वरास गुरुकुल. डाव्या हाताची हकीकत ऐकून आमचा मुलगा म्हणाला, "काका, मला तर एक गंधारच विसरावयाचा होता."

माझा भाऊ सर्व शांतपणें ऐकून घेत होता. त्यानें एवढेंच म्हटलें, "दादा, तुम्ही मला कळस दाखवीत आहां. मला जोतें दाखवा."

त्याचें म्हणणें खरें होतें. म्हणून उरलेले पंधरा दिवस मीं जोतें पाहण्यांत घालविले. आणि तेथें मला लांब बांसरीपेक्षां तिची धाकटी बहीण पिकोलो अधिक भेटली.

पिकोलो हें नांव इटालियन, अर्थ लहान. पाश्चात्य वाद्यवृंदांतील मोठी बांसरी सुमारें ६७ सेंटिमीटर लांब असते, पिकोलो तिच्या निम्मी. दोन्हीं तोंडें मोकळीं असलेली नळी निम्मी केली कीं तिच्यांतील हवेचे कंप दुप्पट होतात, म्हणजे सूर एक सप्तक वर जातो. पदार्थविज्ञान शिकलेल्या वाचकांस हें सांगावयास नको. या बांसऱ्यांवर ज्या चाव्या दिसतात त्यांची मूळ योजना म्युनिकच्या थिओबाल्ड बोम नांवाच्या सोनाराच्या मुलाची. तो स्वतः उत्तम बांसरीवादक होता आणि सोनारकामहि शिकलेला होता. १८४७ सालीं त्यानें जी नळी आणि चाव्या सिद्ध केल्या, त्याच फार थोड्या फरकानें जगभर चालू आहेत. पिकोलोचा वरचा सूर सेकंदास चार हजार कंपांच्या पलीकडे जातो. माणसाचा कान ज्या टप्प्यांत अत्यंत तीव्र असतो नेमका तोच हा टप्पा. म्हणून ऐंशी वाद्यांच्या गर्जनेंतहि एकटी पिकोलो लपत नाहीं. वादकाची चूकहि लपत नाहीं. आणि वाद्य उजव्या कानाशीं असल्यामुळें तो कान अधूं होण्याचें भय असतें. शहाणे वादक सरावाच्या वेळीं त्यांत बोळा घालतात. वाद्यवृंदांत बहुधा तिसऱ्या बांसरीवादकाकडे ती सोंपविलेली असते. तो आधीं बांसरीवादक. पिकोलो हें त्याचें जास्तीचें काम, आणि पश्चिमेकडे पुष्कळ ठिकाणीं त्या जास्तीच्या कामाचा जास्तीचा मोबदलाहि असतो. केवळ पिकोलो वाजवून राहणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच.

आपल्याकडे ही विद्या दोन वाटांनीं आली : पलटणीच्या बँडांतून आणि गोव्याच्या देवळांतून, म्हणजे ख्रिस्ती देवळांना जोडलेल्या शाळांतून. त्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचावयास शिकवीत. पुढें मुंबईच्या बोलपटांना लिहिलेलें संगीत पाहतांक्षणीं वाजविणारे वादक हवे झाले तेव्हां हे गोमंतकीय तेथें भरले. पलटणीच्या वाटेनें आलेल्यांत मनोहारी सिंग यांचें नांव घेतलें पाहिजे. त्यांच्या घरचीं वडील माणसें बँडांत होतीं. ते स्वतः सॅक्सोफोनसाठीं प्रसिद्ध झाले, परंतु चावीची बांसरीहि तितक्याच सफाईनें वाजवीत. या मंडळींची दिवसाची हजेरी आणि रोजचें काम असे. १९९० च्या सुमारास विद्युत्-वाद्यें आणि संगणक आले, शंभर वादकांचे ताफे मोडले, आणि हें जोतें बरेंचसें खचलें. आकाशवाणीची श्रेणी मिळविणें आजहि मानाचें आहे, पण पगारी वादकांच्या नेमणुका पूर्वीसारख्या राहिल्या नाहींत. मुंबईस २००६ सालीं स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांत बांसरी आणि पिकोलो यांच्या जागा आहेत, पण मोजक्या. आणि त्या वाद्यवृंदांतील पुष्कळ वादक परदेशांतून येतात.

पगार, बढती आणि निवृत्तिवेतन या तिन्हीं गोष्टी बांसरीवाल्याला जेथें मिळतात तें ठिकाण म्हणजे सैन्य. मध्य प्रदेशांत पंचमढीस १९५० सालापासून सैनिकी संगीताचें शिक्षण देणारी शाखा आहे. दर वर्षीं २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकांत जे बँड आपण पाहतों त्यांत बांसरी आणि पिकोलो वाजविणारे असतात. या वादकांना युद्धप्रसंगीं कोणतें काम असतें याची चौकशी केली, तेव्हां उत्तर ऐकून मी क्षणभर स्तब्ध झालों : जखमींना उचलून नेण्याचें. असईचा हुकूम सव्वादोनशें वर्षें झालीं तरी तसाच चालू आहे.

बाहेरच्या जगांत तरी निराळें असेल, या कल्पनेनें मीं अमेरिकेंत असलेल्या भाचीला फोन केला. तिची मुलगी तेथील शाळेच्या बँडांत दहाव्या वर्षापासून बांसरी वाजविते, आणि आतां पिकोलोहि. तिच्या शिक्षिकाबाई स्वतः व्यवसायानें बांसरी-पिकोलोवादक. त्यांनीं आपली दिनचर्या मोकळेपणानें सांगितली. जवळच्या एका लहानशा वाद्यवृंदांत हंगामापुरतें वादन, लग्नकार्यांत वादन, आणि बाकीचा सर्व वेळ मुलांना शिकविणें. मोठ्या वाद्यवृंदांत जागा क्वचित् निघते, आणि निघाली म्हणजे परीक्षा पडद्याआड होते. वाजविणारा कोण, काळा कीं गोरा, स्त्री कीं पुरुष, हें परीक्षकांस दिसूं नये म्हणून. एका जागेला अर्ज इतके येतात कीं उत्तम वादकहि वर्षानुवर्षें परत फिरतात. जेम्स गॅल्वे या विख्यात वादकाचें उदाहरणहि त्यांनींच दिलें. बेलफास्टच्या गल्लींतील बांसरीबँडांत तो वाढला, पियानो दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केली, १९६९ सालीं बर्लिनच्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदांत पहिला बांसरीवादक झाला, आणि सहा वर्षांनीं ती जागा स्वतः होऊन सोडली. "पण गॅल्वेकडे पाहून कोणी हिशेब करूं नये," असें त्या म्हणाल्या. माझ्या भावाचेंच वाक्य, दुसऱ्या भाषेंत.

"शिकविण्याचा कंटाळा येत नाहीं काय ?" असें मीं विचारविलें. त्यावर त्यांचें उत्तर असें कीं, वादनावर आपण कधीं उपाशीं तर कधीं तुपाशीं असतों. शिकवणीनें महिना महिन्यासारखा येतो. आणि मुलाच्या चुकीचें कारण शोधतांना स्वतःची चूक जितकी कळते तितकी व्यासपीठावर कधींच कळत नाहीं.

आपल्याकडे या बाबतींत वाट फार पूर्वीं बांधून ठेविलेली आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें तेव्हां गाणें-बजावणें हें प्रतिष्ठित घरांतील मुलांचें काम नव्हे असाच समज होता. आज त्यांच्या परंपरेंतील मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढें अलंकारपर्यंत, गांवोगांव होतात. बांसरीचीहि परीक्षा देतां येते. मुलांना शिकवावयास विशारद झालेला, सुराचा पक्का मनुष्य तालुक्याच्या गांवींहि हवा असतो. तो नसला म्हणजे काय होतें हें आमच्या घरच्या गंधारानें दाखविलेंच आहे.

महिना भरला. तिसऱ्या रात्रीं माजघरांत सगळे बसले आणि मीं माझा कागद वाचून दाखविला. वादन : अनिश्चित. सरकारी जागा : थोड्या. बोलपट : उतरती कळा. सैन्य : मुलाची इच्छा नाहीं. शिकवणी : निश्चित, पण आरंभीं पांच-सात वर्षें अल्प. भावानें सगळें ऐकून म्हटलें, "म्हणजे एका कशावरहि भरत नाहीं."

तेव्हां आमच्या मातोश्री, वय वर्षें शहाऐंशी, ज्या तोंवर वाती वळीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझ्या आत्याला समर्थांच्या जांबेकडे कीर्तनकाराच्या घरीं दिली होती. त्यांचें कशावर भरत होतें ? चातुर्मासांत कीर्तनाची बिदागी, लग्नसराईंत लग्नें लावावयाचीं, चार मुलांना संथा द्यावयाची, आणि तीन एकर कोरडवाहू. एका कशावर नव्हतेंच भरत. पण सात माणसें जेवत होतीं." मग जरा थांबून त्यांनीं नातवाला विचारलें, "तूं चार ठिकाणीं राबशील, कीं एका ठिकाणीं बसून वाट पाहशील ?"

मुलगा म्हणाला, "राबेन."

भावानें त्या रात्रीं होकार दिला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंघोळ करून, संध्या आटोपून, तो माझ्या खोलींत आला आणि म्हणाला कीं, मुलानें वाणिज्य शाखेची पदवी घ्यावी, म्हणजे शार्ङ्गदेवाचा मार्ग मोकळा राहील. संभाजीनगरास राहून आठवड्यांतून तीन दिवस बांसरीचें शिक्षण घ्यावें. आणि पदवी हातीं आल्यावर पुन्हां चार वर्षें आपण त्याला कांहीं विचारणार नाहीं. मुलानेंहि आपली एक अट घातली : पाहुणे आले म्हणजे "जरा वाजवून दाखव रे" असें कोणी म्हणूं नये. ही अट पाळणें आम्हांस फार जड जात आहे, हें येथें कबूल करतों.

सध्यां तो पहांटे साडेचारला उठतो आणि एक तास मंद्र सप्तकांतील एकेक स्वर नुसता धरून बसतो. चैत्र-वैशाखांत आमच्याकडची कोरडी हवा बांसूला तडे पाडते, म्हणून बांसरीला जागोजागीं दोरा गुंडाळलेला असतो आणि ती ओल्या पंचांत ठेवलेली असते. उन्हाळ्यांत सूर चढतो, हिंवाळ्यांत उतरतो. पेटीबरोबर जुळवितांना दर ऋतूला निराळी कटकट. त्याच्या वडिलांनीं या वर्षभरांत बांसरीविषयीं एक शब्द काढलेला नाहीं. मात्र पहांटेच्या त्या तासांत ते आतां अंथरुणांत नसतात. ओटीवर येऊन बसतात.

गेल्या महिन्यांत शेजारच्या वाड्यांतील नऊ वर्षांची एक मुलगी शनिवार-रविवारीं त्याच्याकडे शिकूं लागली. त्याचा हा पहिला शिष्य. मोठी बांसरी तिच्या बोटांना पुरत नाहीं. आजीनें कपाटांतून ती यात्रेंतली सुबक बांसरी काढली आणि "हिला ही दे कीं" म्हणून पुढें केली. मुलानें ती घेतली, आजीला नमस्कार केला, आणि परत कपाटांत ठेविली. पहिल्या महिन्याची फी हातीं आली तिच्यांतून त्यानें मुलीसाठीं एक लहान बांसरी मागविली. ती आल्यावर त्यानें आधीं सात वेळां सगळे स्वर पेटीवर लावून पाहिले, गंधार दोनदां अधिक, आणि मग ती तिच्या हातांत दिली.